मिडाझोलामनंतर इंडक्शनला (भूल सुरू करताना) बीपी कोसळतो, दोष कुणाचा?

ओटी सिस्टर, फोंडा:
वाळपई-सांगे भागातून पहाटे निघून येणारे वयस्क पेशंट. रात्री अल्प्राझोलाम (झोपेची, भीती कमी करणारी गोळी) ०.२५ मिग्रॅ, टेबलावर मिडाझोलाम (गुंगीचं औषध) २ मिग्रॅ शिरेतून. प्रोपोफॉल (भुलीचं इंजेक्शन) गेलं की सिस्टॉलिक (वरचा बीपी) १५० वरून थेट ८०. शांत पेशंटच्या हृदयावर ताण कमी, असं शिकलोय. मग हे का? मिडाझोलाम बंदच करावं का?

भूलतज्ज्ञ, म्हापसा:
सिस्टर, ते १५० त्याचं खरं बीपी नव्हेच. भीतीने अ‍ॅड्रेनलिन उसळलेलं, रक्तवाहिन्या आवळलेल्या, नाडी ९५, साखरही चढलेली. त्यात रात्री नऊपासून पाण्याचा थेंब नाही. ही तूट त्या आवळण्यामुळे झाकलेली असते. मिडाझोलाम पकड सैल करतं, प्रोपोफॉल उरलीसुरली सोडवतं. सकाळी टेल्मिसार्टन (बीपी उतरवणारी गोळी) घेतलेलं असेल तर विचारूच नका!

साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, ते पाजा. टेल्मिसार्टन २४ तास आधी थांबवायचं, बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी गोळी) मात्र चुकवायचा नाही. पासष्टीपुढे मिडाझोलाम ०.५ ते १ मिग्रॅ, तेही पेशंट खरंच घाबरलेला असेल तर; २-३ मिनिटं थांबल्याशिवाय पुढचा डोस नको. प्रोपोफॉल किलोला २ मिग्रॅ नव्हे, १ ते १.५, सावकाश. बीपी चढवणाऱ्या मेफेन्टरमिनची सिरिंज आधीच भरलेली हवी, ६ मिग्रॅ पुरतं. रात्रीची अल्प्राझोलाम सरसकट सगळ्यांना लिहायची सवय मला तरी पटत नाही.

भूलतज्ज्ञ, मडगाव:
शरीराची ऑक्सिजनची मागणी कमी करायची तर डेक्समेडेटोमिडीन (गुंगीचं दुसरं औषध) जास्त कामाचं. नॉरअ‍ॅड्रेनलिन घटतं, ऑपरेशननंतरची हुडहुडी कमी होते. हुडहुडीत ही मागणी दुपटीवर जाऊ शकते. पण किलोला ०.५ मायक्रोग्रॅम पूर्ण १० मिनिटांत द्या. घाईत ढकललं की आधी बीपी चढतो, मग नाडी चाळिशीत येते. हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संदेश अडणं) असेल तर नकोच. इन्सुलिनही थोडं दबतं, मधुमेह्याची साखर बघत राहा.

आणि गुंगीतल्या पेशंटच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात, आतली ऊब हातापायांकडे निघून जाते. चादर वॉर्डातूनच घाला, ओटीतला एसी लागल्यावर नव्हे.

ओटी सिस्टर, फोंडा:
गुंगी जास्त झाली तर फ्लुमाझेनिल (मिडाझोलामचा उतारा)?

भूलतज्ज्ञ, म्हापसा:
आधी हनुवटी उचला, ऑक्सिजन लावा. मग ०.२ मिग्रॅ, मिनिटभर थांबून पुन्हा. एकूण १ मिग्रॅपर्यंत. त्याचा असर मिडाझोलामआधी ओसरतो, म्हणून पुढचे २ तास नजर हवी. रोज झोपेच्या गोळ्या खाणाऱ्याला मात्र देऊ नका, झटके येतील. रोज फेणी घेणाऱ्याची नाडी १२० दिसली तर ती भीतीच असेल असं धरून चालू नका, दारू तुटल्यानेही असू शकते. शेवटचा पेग कधी घेतला ते आधी विचारा.