कर्नल अपग्रेडनंतर पायचे वायफाय गायब, कॉन्फिगमधले बदलही लागत नाहीत

सावईवेरे_कुळागर

रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक) मॉडेल बी, ४ जीबी रॅम, ६४ बिट रास्पबेरी पाय ओएस बुकवर्म, लाइट आवृत्ती. कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) पंपघरात बसवलेला आहे. यूएसबी-आरएस४८५ अडॅप्टरवरून (सीएच३४१ चिप) मातीच्या ओलाव्याचे चार सेन्सर वाचतो आणि रिलेवरून ठिबकचे व्हॉल्व्ह उघडतो. पाऊस सरला की ठिबक सुरू करायचे आहे, म्हणून अपग्रेड उरकायला घेतले.

मे महिन्यात कार्ड बदलले होते. नव्या ३२ जीबी कार्डावर दोन पार्टिशन पाडून आरसिंकने (कॉपी करणारी कमांड) सगळ्या फाईल्स उतरवल्या, सीएमडीलाइन.टीएक्सटी आणि एफएसटॅबमधला (कुठले पार्टिशन कुठे माउंट करायचे, म्हणजे जोडायचे, याची यादी) रूटचा पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलला. तरी पहिले बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकले. एफएसटॅबमध्ये बूटच्या ओळीला 'नोफेल' (पार्टिशन सापडले नाही तरी बूट थांबवू नको) लावल्यावर सुरळीत झाले.

आता एपीटीने (पॅकेज बसवणारे साधन) फुल-अपग्रेड केले, मग जुन्या कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) पॅकेज पर्ज केले, म्हणजे पूर्ण काढले. काढू नका असा इशारा आला, पण नवा कर्नल बसला आहे असे धरून पुढे गेलो. रिबूटनंतर:

वायफाय नाही, टीटीवाययूएसबी० (सेन्सरचा अडॅप्टर) नाही. इथरनेट चालते.
यूनेम -आर (चालू कर्नल): ६.६.५१+आरपीटी-आरपीआय-व्ही८
/लिब/मॉड्यूल्स (ड्रायव्हरचे फोल्डर) मध्ये फक्त ६.१२.२५+आरपीटी-आरपीआय-व्ही८
मॉडप्रोब बीआरसीएमएफमॅक (वायफायचा ड्रायव्हर) म्हणतो, ६.६.५१ च्या फोल्डरमध्ये मॉड्यूल सापडले नाही.

आणखी एक गोष्ट, ती अपग्रेडच्या आधीपासूनची. लाईट गेल्यावर घड्याळ चुकते म्हणून डीएस३२३१ आरटीसी (बॅटरीवर चालणारे घड्याळ) लावली. कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१ ही ओळ घातली, पण आय२सीडिटेक्टमध्ये ६८ च दिसत राहिले, 'यूयू' (ड्रायव्हरने घड्याळ ताब्यात घेतल्याची खूण) कधी आले नाही. दोन्हींचा संबंध आहे का?

म्हापसा_टर्मिनल

संबंध आहे, आणि मूळ एकच आहे. पाय ज्या पार्टिशनवरून बूट होतो ते तुमच्या सिस्टीममध्ये माउंटच नाही. तुम्ही आणि एपीटी दोघेही मे महिन्यापासून दुसऱ्याच जागी लिहीत आहात.

खात्री करा: फाइंडएमएनटी /बूट/फर्मवेअर. काहीच छापले नाही तर निदान पक्के.

झाले असे. बुकवर्ममध्ये फॅट पार्टिशन /बूट/फर्मवेअर वर माउंट होते. एफएसटॅबमध्ये त्या ओळीत जुन्या कार्डाचा पार्टयूयूआयडी तसाच राहिला. ते पार्टिशन सापडेना म्हणून इमर्जन्सी मोड आला. नोफेलने आजार गेला नाही, फक्त तक्रार बंद झाली. त्यात आरसिंकने /बूट/फर्मवेअर मधल्या फाईल्सची एक प्रत रूट पार्टिशनवरही उतरवलेली असणार, त्यामुळे एलएस केले की कर्नल८.आयएमजी, कॉन्फिग.टीएक्सटी सगळे जागेवर दिसते. पण पायचा बूटलोडर एक्सटी४ वाचत नाही, तो फक्त फॅट पार्टिशन बघतो. तिथे अजून मे महिन्यातला ६.६.५१ पडून आहे आणि तोच चालू होतो. त्याची मॉड्यूल्स तुम्ही पर्ज केली. तो इशारा चालू असलेला कर्नल काढताय म्हणूनच आला होता. रिबूट होईपर्यंत मॉड्यूल्स मेमरीत असतात, म्हणून तोवर काही जाणवले नाही. इथरनेटचा आणि एसडी कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतो, म्हणून तेवढे वाचले. नेटसाठी तीच केबल वापरा.

क्रमाने करा:

१. सुडो ब्लकआयडी चालवून एमएमसीबीएलके०पी१ चा पार्टयूयूआयडी घ्या. शेवट -०१ असा असेल. /ईटीसी/एफएसटॅब मध्ये /बूट/फर्मवेअरच्या ओळीत तो घाला.

२. खोटे फोल्डर बाजूला करा, पुसू नका: सुडो एमव्ही /बूट/फर्मवेअर /बूट/फर्मवेअर-खोटे, मग त्याच नावाने रिकामे फोल्डर एमकेडिरने बनवा. फोल्डरची नावे अर्थात रोमनमध्येच द्या.

३. सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रिलोड, सुडो माउंट /बूट/फर्मवेअर. पुन्हा फाइंडएमएनटी. आता व्हीफॅट दिसलेच पाहिजे. डीएफ -एच ने जागाही बघा. बुकवर्मच्या इमेजमध्ये हे पार्टिशन ५१२ एमबीचे असते. हाताने २५६ चे पाडले असेल तर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाईल) लिहिताना जागा संपू शकते. कार्ड कधीच पाय ५ मध्ये जाणार नसेल तर २७१२ वाली कर्नल पॅकेजे काढून टाका, पाय ४ ला फक्त व्ही८ लागतो.

४. सुडो एपीटी इन्स्टॉल --रिइन्स्टॉल, त्यापुढे लिनक्स-इमेज-६.१२.२५+आरपीटी-आरपीआय-व्ही८ आणि रास्पी-फर्मवेअर. आवृत्ती असलेलेच नाव द्या. नुसते लिनक्स-इमेज-आरपीआय-व्ही८ हे वरचे पॅकेज पोकळ आहे, ते परत बसवून कर्नलची नक्कल होत नाही.

५. सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल.

रिबूटच्या आधी सीएमपीने /बूट/व्हीएमलिनझ-६.१२.२५+आरपीटी-आरपीआय-व्ही८ आणि /बूट/फर्मवेअर/कर्नल८.आयएमजी ताडून बघा. काही न छापता प्रॉम्प्ट परत आला म्हणजे दोन्ही एकच. इनिटरॅमएफएस८ ची तारीखही आजची हवी. एक नवे, एक जुने असे करून रिबूट करू नका.

आरटीसीची ओळ खोट्या कॉन्फिगमध्ये आहे. डिफने दोन्ही कॉन्फिग शेजारी ठेवून गेल्या काही महिन्यांतले बदल खऱ्या फाईलमध्ये आणा. आणि नोफेल काढा.

डिचोली७

निदान बरोबर, पण नोफेल काढण्याशी मी सहमत नाही. पंपघरात मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. लाईट ये-जा करताना फॅट पार्टिशन बिघडले तर नोफेलशिवाय पाय इमर्जन्सी मोडमध्ये बसेल, एसएसएच (दूरून प्रवेश) मिळणार नाही, आणि बागेला पाणीही नाही. नोफेल राहू द्या आणि पहारा एपीटीवर बसवा. /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी मध्ये एक छोटी फाईल करा, त्यात डीपीकेजी::प्री-इन्व्होक खाली माउंटपॉइंट -क्यू /बूट/फर्मवेअर ही कमांड द्या. पार्टिशन माउंट नसेल तर ही कमांड अपयशी ठरते आणि एपीटी काहीही बसवण्याआधी थांबते.

दूरच्या पायवर पुढचा अपग्रेड ट्रायबूटने (नवा कर्नल चाचणीपुरता एकदाच बूट करणे) करा. अपग्रेडआधी फॅट पार्टिशनवर 'जुना' अर्थाचे रोमन नावाचे फोल्डर करून त्यात कर्नल८.आयएमजी, इनिटरॅमएफएस८, बीसीएम२७११-आरपीआय-४-बी.डीटीबी, सीएमडीलाइन.टीएक्सटी आणि अख्खे ओव्हरलेज फोल्डर कॉपी करा. ओव्हरलेजमधली रीडमी फाईल वगळू नका, ती तिथे आहे की नाही यावरूनच फर्मवेअर ते फोल्डर धरतो. मग:

कॉन्फिग.टीएक्सटीची नक्कल ट्रायबूट.टीएक्सटी या नावाने ठेवा.
मूळ कॉन्फिग.टीएक्सटीत ओएस_प्रिफिक्स=फोल्डरचे नाव, शेवटी तिरकी रेघ हवीच.
अपग्रेड करा. नवा कर्नल नेहमीच्या जागी जाईल, जुना फोल्डरात सुरक्षित.
सुडो रिबूट '० ट्रायबूट', अवतरणचिन्हांसह.

ट्रायबूट.टीएक्सटी एकदाच वाचली जाते. नवा कर्नल लटकला तर पंपघरातल्या माणसाला एवढेच सांगायचे, प्लग काढून परत लावा. पाय जुन्यावर येतो. नवा नीट चालला की ओएस_प्रिफिक्सची ओळ काढायची, आणि त्यानंतरच जुने कर्नल पॅकेज. स्टार्ट४.एल्फ मात्र ओएस_प्रिफिक्सच्या कक्षेत येत नाही, तो नवाच लोड होतो.

झुआरी_बिट

दोन गोष्टी जोडतो.

रिबूटनंतर काहीच आले नाही तर हिरव्या दिव्याकडे बघा. ४ छोट्या उघडझापा म्हणजे स्टार्ट.एल्फ सापडली नाही, ७ म्हणजे कर्नल सापडला नाही. दोन्हींत फाईल्स तपासायच्या, बोर्ड बदलायचा नाही.

दुसरे, व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड चालवा. ०एक्स० हवे. ०एक्स५०००० आले तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडले होते, ०एक्स५०००५ म्हणजे आत्ताही कमी आहे. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागते आणि ४.६३ व्होल्टच्या खाली तो इशारा देतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात कार्डाच्या आणि टाईप-सी पिनच्या पट्ट्यांवर मळ बसू शकतो, टाईप-सीवरच्या मळाने व्होल्टेज पडू शकते. कार्ड काढाल तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पुसून घ्या. कर्नल लिहीत असताना व्होल्टेज पडले तर फाईल अर्धवट राहते.

सावईवेरे_कुळागर

फाइंडएमएनटी रिकामे होते, ब्लकआयडीशी एफएसटॅब जुळत नव्हता. पाचही पायऱ्या केल्या, सीएमपी गप्प राहिला. रिबूटनंतर यूनेम ६.१२.२५, वायफाय आले, टीटीवाययूएसबी० आला, चारही सेन्सर वाचतात. गेट_थ्रॉटल्ड ०एक्स०. नोफेल ठेवले, एपीटीचा पहारा बसवला. मुद्दाम अनमाउंट करून पाहिले, एपीटी थांबते.

आरटीसी अजून ६८ च दाखवते. ओळ खऱ्या फाईलमध्ये सगळ्यात खाली, ओटीजी_मोड=१ च्या लगेच नंतर घातली आहे.

म्हापसा_टर्मिनल

ओटीजी_मोडच्या वरच्या ओळी बघा, चौकटी कंसात सीएम४ असेल. त्याखालचे सगळे फक्त कम्प्यूट मॉड्यूल ४ ला लागू होते, पुढचा चौकटी कंस येईपर्यंत. तुमची ओळ चौकटी कंसातल्या 'ऑल' च्या खाली न्या. डीटीपॅरम=आय२सी_आर्म=ऑन वर आहेच, ती हलवू नका.

सावईवेरे_कुळागर

हलवली. यूयू आले. केबल काढून अर्ध्या तासाने चालू केला, एचडब्ल्यूक्लॉक -आर बरोबर वेळ देतो.