झुलू योद्ध्यांचं सगळं कातडं एकाच तपकिरीत? साफ विरोध

रंगारी_सातारा
झुलू म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले लोक. त्यांच्या योद्ध्यांचे छोटे पुतळे रंगवण्याबद्दल काल इथे एकाने सल्ला दिला: "झुलूंच्या अंगावर कपडे असतात किती? अंगाला एक तपकिरी, कातड्याला दुसरी, वरून गडद वॉश (पातळ केलेला रंग). संध्याकाळपर्यंत चाळीस पुतळे तयार." वाचून राहवलं नाही.

कपडे कमी आहेत म्हणूनच जे आहेत ते नीट रंगवायचे. कमरेला मागे लटकणारं इबेशू वासराच्या मऊ केलेल्या कातड्याचं, बहुधा केसांसकट. म्हणजे काळं, तांबूस, ठिपक्यांचं, गाईचा जो रंग असेल तो. दंडाला आणि गुडघ्याखाली बांधलेले अमाशोबा गाईच्या शेपटीच्या केसांचे, ते दुधाळ पांढरे. ढालीची केसाळ बाजू पुढे, मागची बाजू कच्च्या कातड्याची. आमच्या गावात हलगी मढवताना मी लहानपणापासून बघतोय. कच्चं कातडं वाळलं की पिवळट, हाडासारखं दिसतं. चपलेचा तपकिरी रंग कमावल्यावर येतो. ढालीच्या मागे चपलेचा रंग लावलेला बघवत नाही.

तीन_फुटांवरून
तुम्ही कपाटात ठेवायला रंगवता, मी खेळायला. 22 जानेवारी 1879 ची झुलू आणि ब्रिटिशांची इसान्डलवानाची लढाई खेळायला मांडायची तर टेबलावर शंभरावर झुलू लागतात, आणि ढालीची मागची बाजू तीन फुटांवरून कुणालाच दिसत नाही. नोकरी, दोन मुलं सांभाळून रात्री अकराला ब्रश हातात घेतो. मला इबेशूचे ठिपके शिकवू नका.

रंगारी_सातारा
सैन्य मागून पाहणारा खेळाडू तुम्हीच ना? तुमच्या बाजूने ढालीची मागची बाजूच दिसणार! बेज रंगाचा एक हात आणि पातळ सेपिया वॉश, बास. तुमच्या तपकिरीइतकाच वेळ लागतो.

मीरा_डोंबिवली
रंगाचं सोडा, मुळात पुतळेच चुकीचे घेतले जातात. बिबट्याच्या कातड्याची पट्टी, पिसांचे तुरे, गळ्याभोवती शेपट्यांचे झुपके, हे सगळं सणासमारंभाचं. 1879 च्या युद्धात बहुतेकांनी ते घरी ठेवलं होतं. तरी जो तो तुरेवालेच रंगवतो, कारण फोटोत छान दिसतात. याचा मला मनापासून राग येतो.

जुना_ब्रश
मीराताई, "बहुतेकांनी" म्हणजे सगळ्यांनी नव्हे. काही जण थोडाफार साज लेवून लढले, आणि वयस्क मंडळी, सरदार यांचं वेगळं. एखादा तुरा दिसला की लगेच खोटं ठरवायचं?

मीरा_डोंबिवली
एखादा चालेल. अख्खी तुकडी नाही. चाळीसपैकी चाळीस जण नटलेले असतील तर ती लढाई नाही, वरात आहे.

जुना_ब्रश
वरात काय! माणसांनी पदरचे पैसे घालून पुतळे घेतलेत. जरा बोलायची पद्धत ठेवा. आणि ढालींचं काय? तुमच्या गटात सगळे रेजिमेंटप्रमाणे एकसारख्या काळ्या किंवा एकसारख्या पांढऱ्या ढाली रंगवतात. 1879 पर्यंत तो काटेकोरपणा उरला नव्हता. त्यावर कधी बोलला नाहीत.

मीरा_डोंबिवली
ढालींचं मान्य. तुऱ्यांचं नाही.

कोकणी_वॉर्निश
तुमचं चालू द्या, पण पावसाळ्यात हे सगळं रंगवून उपयोग काय? जुलैमध्ये मॅट (चमक घालवणाऱ्या) वॉर्निशचा स्प्रे मारला की दमट हवेत पांढरी धूळ बसल्यासारखं होतं. काळी इबेशू राखाडी, अंगही राखाडी. माझी अख्खी तुकडी गेली. दिवाळीपर्यंत स्प्रे हातात धरू नका, ब्रशने लावा.

रंगारी_सातारा
हे खरंच महत्त्वाचं, आणि मुद्द्याला धरून आहे. सगळ्यावर एकच मॅट मारलं की कातडं, केस आणि कातडी पट्ट्या एकसारख्या मेल्यासारख्या दिसतात. विवाहित पुरुषांच्या डोक्यावरचं इसिकोको, म्हणजे केसांत बसवलेलं कडं, मेण लावून घासलेलं असायचं, ते चकाकायलाच हवं. मॅट झाल्यावर त्या कड्यावर ग्लॉसचा (चमकदार वॉर्निशचा) एक ठिपका द्या, तरुण आणि पोक्त तुकडी लगेच वेगळी दिसते.

तीन_फुटांवरून
ग्लॉसचा ठिपका करीन, तो तीन फुटांवरूनही दिसतो. ढालीच्या मागे बेजही लावीन. पण ढालीवर दोन ओळींत ओवलेल्या कातडी पट्ट्या एकेक करून रंगवणार नाही.

रंगारी_सातारा
काळ्या ढालीवर पांढऱ्या पट्ट्या तरी रंगवा हो. त्याच तर आधी नजरेत भरतात.

तीन_फुटांवरून
पुढच्या रांगेच्या रंगवीन. मागच्यांचं नाव काढू नका.