पीसीआरशिवायही बरंच कळतं

पीसीआर यंत्र (विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती करून तो ओळखणारं) नसेल तर पिकातला विषाणू ओळखताच येत नाही, असं एकांनी लिहिलंय. ते काही पटलं नाही.

सगळ्यात जुनी आणि अजूनही उपयोगी पद्धत म्हणजे सूचक वनस्पती, म्हणजे विषाणू शिरला की पानावर ठळक खुणा दाखवणारी रोपं. संशयित पान सात पीएचच्या आसपासच्या थंड फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) खलात वाटायचं. निरोगी सूचक रोपाच्या पानावर कार्बोरंडमची (पानाला सूक्ष्म ओरखडे पाडणारी) बारीक पूड भुरभुरायची, रस बोटाने हलकेच चोळायचा आणि लगेच पाण्याने धुवायचं. निकोटियाना ग्लुटिनोसा या तंबाखूच्या भाईबंद रोपावर तंबाखू मोझॅक विषाणूचे तपकिरी ठिपके तीन-चार दिवसांत दिसतात. एका रोपाला नुसता बफर चोळायला विसरू नका, नाहीतर चोळण्यानं झालेली इजाच रोग वाटते. (सिगारेट ओढणाऱ्यांनी आधी हात साबणाने धुवावेत. हा विषाणू तंबाखूतूनही येतो!)

मात्र पांढऱ्या माशीमार्फत पसरणारे बरेचसे विषाणू असे चोळून जात नाहीत. ठिपके आले नाहीत म्हणजे झाड निरोगी, असं समजू नये.

नमुने खूप असतील तर १९७७ पासून वनस्पतींसाठी वापरात असलेली एलायझा ही चाचणी बरी. तिथे प्रतिपिंड (विशिष्ट विषाणूलाच चिकटणारं प्रथिन) विषाणूच्या प्रथिन-आवरणाला पकडतं आणि शेवटी पिवळा रंग येतो. निरोगी पानाचा रस त्याच प्लेटमध्ये हवाच, नाहीतर फिकट पिवळ्याचा अर्थ लावता येत नाही. व्हायरॉइडला (विषाणूहूनही लहान, नुसत्या आरएनएच्या रोगकारकाला) आवरणच नसतं, त्यामुळे तिथे मात्र एलायझा हात टेकते.