अकाउंट्सच्या मॅडमचं लॉगिन रोज लॉक होतंय, वैतागलोय

भोसरीचा_आयटीवाला:
मंडळी, भोसरी एमआयडीसीत छोटी कंपनी, ४५ पीसी, एकच डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन तपासणारा सर्व्हर) आणि आयटी म्हणजे मी एकटा. ५ वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की अकाउंट लॉक, असं ठेवलंय, दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती. मागच्या सोमवारी मॅडमनी पासवर्ड बदलला आणि तेव्हापासून रोज त्या येऊन चहा घेईपर्यंत अकाउंट लॉक, मी अनलॉक करतो की तासाभरात परत तेच. मालक म्हणतात लॉकआउट बंदच करून टाक, कटकट नको. करू का?

सदाशिवपेठी:
अजिबात नको. मग कोणी रात्रभर पासवर्ड ट्राय करत बसला तरी अडवणार कोण? आधी बघा दार कोण ठोकतंय. डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४७४० शोधा, त्यात ज्या मशीनवरून लॉक झालं त्याचं नाव असतं. बहुतेक कुठेतरी जुना पासवर्ड सेव्ह असणार, मोबाईलचा मेल किंवा शेड्युल्ड टास्क (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम).

भोसरीचा_आयटीवाला:
पण मागच्या महिन्यात पण बदलला होता की, तेव्हा काहीच झालं नाही?

सदाशिवपेठी:
तिथेच तर गंमत आहे. आधीच्या दोन पासवर्डपैकी एखादा टाकला तर लॉगिन होत नाही, पण एडी (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, डोमेन कंट्रोलरवरची खात्यांची यादी) तो चूक म्हणून मोजतच नाही. तिसऱ्यांदा बदलला की सेव्ह असलेला जुना त्या दोनातून बाहेर पडतो आणि मग लॉक.

हिंजवडी_नाईटशिफ्ट:
आणि ती ३० दिवसांची सक्ती काढा राव, अमेरिकेची निस्टसुद्धा (तिथली मानकं ठरवणारी सरकारी संस्था) आता म्हणते पासवर्ड फुटल्याचा संशय नसेल तर उगाच बदलायला लावू नका. लोक शेवटचा आकडा वाढवतात फक्त. त्यापेक्षा पासवर्ड लांब ठेवा आणि बाहेरून लॉगिन होतं तिथे ओटीपी अ‍ॅप लावा.

भोसरीचा_आयटीवाला:
सापडलं!! नाव आलं स्टोअर-०२. रॅकमागे धूळ खात पडलेला पीसी, मॉनिटर काढून नेलेला, सीपीयू मात्र चालू. त्यावर दर १० मिनिटांनी टॅलीचा डेटा ओढून ठेवणारं टास्क, मॅडमच्या नावाने, आधीच्या आयटीवाल्याने लावलेलं. आता त्याला वेगळं अकाउंट केलंय, फक्त त्या फोल्डरपुरतं.

सदाशिवपेठी:
छान. पण दोन महिने लॉगिनच होत नव्हतं, म्हणजे कॉपी पण झाली नसणार. शेवटच्या फाईलची तारीख बघितली का?

भोसरीचा_आयटीवाला:
आई गं. बघतो.