कारखान्याचा भोंगा वाजला की दिवस संपायचा. आता संपतच नाही

सातपूरकर:
आजचा जमाना पूर्वीपेक्षा जास्त ताणाचा आहे, असं मला वाटतं. वडील नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत फिटर होते. भोंगा झाला, कार्ड पंच केलं की कंपनी डोक्यातून उतरायची. मग सायकल, वाटेत भाजी, साडेआठला जेवण. मी नाशिकमध्येच अंबडला एका कंपनीत प्लॅनिंगमध्ये आहे. पगार चांगला, पण रात्री अकराला ग्रुपवर 'उद्याचं डिस्पॅच?' आलं की झोप उडते. त्यात घराचं कर्ज. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. बँकेने हप्ता वाढवला, मुदतही वाढवली. कर्ज आता निवृत्तीनंतर फिटेल. काम पूर्वीही होतंच, पण त्यातून सुटका व्हायची. ती आज नाही, म्हणून ताण वाढलाय.

निफाडकर:
नाही पटत, भाऊ. भोंगा किती जणांच्या नशिबी होता? १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. तिला ताण नव्हता? फक्त तो सांगायचा कुणाला, हा प्रश्न होता. द्राक्षाला साखर भरत आली आणि आभाळ आलं की आजही आम्ही रात्रभर जागे. पाऊस झाला की मणी तडकतात, वर्षाचा खर्च मातीत. डिसेंबर २०२३ मध्ये लाल कांदा बाजारात येत असताना निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत राहिली. उलट मोबाइलमुळे पावसाचा अंदाज आधी कळतो, फवारणी वाचते. त्याला दोष देऊ नका.

पंचवटीची पासवाली:
दादा, वडिलांचा दिवस भोंग्याला संपायचा, पण आईचा? त्यांना आयतं जेवण मिळायचं ते कुणाच्या जिवावर? मी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाते. पहाटे चारला उठून डबे करते, रात्री आल्यावर पुन्हा ओटा. पूर्वी बायका हे एकट्या सोसायच्या. आता पुरुषांवरही थोडं आलं, तर म्हणे जमाना ताणाचा.

सातपूरकर:
ताई, आईचा विचार मी केलाच नव्हता. पाणी भरायला ती चारलाच उठायची. हे मान्य. पण निफाडकर, अवकाळी पावसाला कुणी अडवू शकत नाही. अकराचा मेसेज माणूस पाठवतो, तो थांबवता येतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तशी रेघ आमच्यासारख्या ऑफिसवाल्यांच्या रात्रीच्या मेसेजलाही हवी.

निफाडकर:
निर्यातबंदीही माणसंच घालतात, भाऊ. रेघ मागाल तेव्हा आमच्या कांद्याचंही बोला. मी तुमच्या सोबत येतो.