शंका जुनीच आहे

तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, ज्यूंचा संदेष्टा मोशे याने लिहिली असं परंपरा मानते. त्याच्या लेखकत्वावर शंका घेणं ही 19व्या शतकातल्या जर्मन अभ्यासकांची देणगी, हे म्हणणं पटत नाही. तोराच्या शेवटच्या आठ ओळींत मोशेचा मृत्यू येतो. त्या कुणी लिहिल्या, यावर खुद्द तालमूदमध्येच, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चांच्या जुन्या ग्रंथातच, वाद आहे. एक मत म्हणतं, मोशेचा वारस यहोशवाने. दुसरं म्हणतं, देव सांगत गेला आणि मोशे रडत रडत लिहीत गेला. मला हे दुसरं मत फार हलवून जातं.

वेगवेगळ्या हातांचं लेखन जिथे जोडलेलं वाटतं तो शैलीतला सांधा बघायला हिब्रू यायलाच हवं असंही नाही. मराठी बायबलात तोराच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, पहिला अध्याय उघडा: तिथे नुसता ‘देव’ आहे, हिब्रूतला एलोहिम. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओळीपासून एकदम ‘परमेश्वर देव’ येतो. भाषांतरात हरवतो तो हिब्रूतला शब्दखेळ: ‘अदामा’ म्हणजे माती, तिच्यातून घडलेला ‘आदाम’.