मदत हवी आहे : मामांच्या निधनानंतर त्यांनी केलेल्या करारांचं काय होतं?

नमस्कार मंडळी,

माझे थोरले मामा नुकतेच अचानक गेले. ते चित्रकार होते. मागे मामी, त्यांचा मुलगा (सज्ञान आहे) आणि माझी आजी, म्हणजे मामांची आई. मृत्युपत्र नाही. कागदपत्रं लावताना तीन गोष्टी पुढे आल्या आणि मामींची झोप उडाली आहे.

मामांनी स्वतःच्या नावावरचा एक फ्लॅट विकण्यासाठी नोंदणीकृत साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) केलं होतं. विसार घेतला, खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) राहिलं. धाकट्या मामांकडे त्या फ्लॅटचं मुखत्यारपत्र आहे. ते म्हणतात, "मी सही करून टाकतो, वहिनीला कशाला त्रास?" त्यांच्या मनात काही वाईट नाही, पण मला हे खटकतंय.

दुसरं, ऍडव्हान्स घेतलेलं एक व्यक्तिचित्र अर्धवट आहे. चेहरा पूर्ण झालाय, हात नुसते कोळशाने रेखलेले. ते गृहस्थ म्हणतात, शिष्याकडून पुरं करून द्या, करार झालाय.

शिवाय एका मित्राच्या कॅश क्रेडिटला (ठरलेल्या मर्यादेत लागतील तसे पैसे उचलायचं बँकेचं कर्ज) मामा जामीन होते.

वकिलांकडे जाणारच आहोत, पण काय विचारायचं ते तरी कळावं. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद 1

मामांबद्दल वाईट वाटलं. आधी धाकट्या मामांना थांबवा. मुखत्यारपत्र देणारा गेला की ते तिथेच संपतं (भारतीय करार कायदा 1872, कलम 201). मृत्यू माहीत असताना त्याच्या जोरावर सही केली तर खरेदीदारही अडकेल आणि तेही. मुखत्याराचा स्वतःचाच त्या मालमत्तेत हितसंबंध असेल तर कलम 202 चा अपवाद आहे, पण तुमच्या वर्णनावरून तसं दिसत नाही.

साठेखत मात्र संपत नाही. कलम 37 नुसार करारात वेगळं काही ठरलं नसेल तर मृताचं वचन त्याच्या वारसांना बांधतं. खरेदीदार वारसांकडून खरेदीखत मागू शकतो आणि वारस उरलेली रक्कम मागू शकतात. हिंदू वारसा कायदा 1956 लागू असेल तर मामी आणि मुलाबरोबर आजीही पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. आईला लोक हमखास विसरतात आणि पुढे व्यवहार लटकतो. खरेदीखतावर तिघांचीही सही हवी.

चित्राचं उत्तर तर कायद्यातच आहे. कलम 37 खालचं एक उदाहरण चित्रकाराचंच आहे : ठरलेल्या दिवसापर्यंत चित्र काढून द्यायचं कबूल करून तो त्याआधी वारला, तर तो करार ना वारस बजावून घेऊ शकत, ना समोरचा. मामांच्या हाताचंच काम ठरलं होतं, त्यामुळे शिष्याकडून पुरं करून देण्याची सक्ती नाही. ऍडव्हान्सचा हिशेब मात्र मामांच्या मालमत्तेतून करावा लागेल.

प्रतिसाद 2

जामीनकीबद्दल. कॅश क्रेडिटसारख्या चालू हमीत (एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांसाठी दिलेल्या हमीत) जामीनदार वारला की पुढच्या व्यवहारांपुरती हमी संपते (करार कायदा, कलम 131), पण करारात उलट अट नसेल तरच. बँकांच्या छापील हमीपत्रात अशी अट बऱ्याचदा असते, म्हणून प्रत मागवून ओळन्‌ओळ वाचा. मृत्यूआधीच्या थकबाकीची जबाबदारी राहते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. धाकट्या मामांशी बोलले, त्यांनी लगेच ऐकलं. एकच शंका : थकबाकी मोठी निघाली तर मामींचे दागिने, मुलाचा पगार जाईल का?

प्रतिसाद 2

नाही. मामांकडून वारसाने जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. मामींचं स्वतःचं आणि मुलाची कमाई त्यात येत नाही. राहतं घर मामांच्या नावावर असेल तर ते मात्र धरलं जाऊ शकतं, हे मामींना आत्ताच सांगून ठेवा. मामींनी स्वतः कुठे जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी, तेही तपासा. बँकेला मृत्यू दाखल्याची प्रत जोडून पत्र द्या, पुढच्या व्यवहारांसाठी हमी संपली असं त्यात स्पष्ट लिहा, मृत्यूच्या तारखेची थकबाकी लेखी मागा आणि पोच घ्या. तोवर बँकेने पुढे केलेल्या कुठल्याही नव्या कागदावर मामींनी सही करू नये.